विश्लेषण : अविनाश साबळेचे पुनरागमन – गुडघा, पाण्याचा अडथळा आणि प्रशिक्षकांचा प्रश्न

मोनॅको येथे ११ जुलै २०२५ रोजी झालेल्या डायमंड लीग स्पर्धेतील तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या निकालपत्रात दोन आशियाई नावे दोन टोकांना होती. जपानच्या र्युजी मिउराने ८ मिनिटे ३.४३ सेकंद अशी वेळ नोंदवून दुसरे स्थान मिळवले. भारताच्या अविनाश साबळेच्या नावापुढे मात्र वेळ नव्हती. शर्यत अपूर्ण, एवढीच नोंद होती. पाण्याच्या अडथळ्यापाशी पडल्याने त्याला शर्यत सोडावी लागली होती. गुडघ्यातील एसीएल या नावाने ओळखला जाणारा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही कूर्चेची गादी, या दोहोंना इजा झाल्याचे नंतरच्या तपासणीत स्पष्ट झाले. मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला, पात्रता मिळवलेली असूनही, त्याला मुकावे लागले.

या दोन निकालांमध्ये एक योगायोग दडलेला आहे. मिउराची त्यापूर्वीची सर्वोत्तम वेळ २०२३ साली पॅरिसमध्ये नोंदवलेली ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही होती. साबळेचा राष्ट्रीय विक्रमही पॅरिसचाच, ७ जुलै २०२४ रोजीचा आणि नेमका तेवढ्याच वेळेचा, शतांश सेकंदापर्यंत समान. म्हणजे मोनॅकोच्या प्रारंभरेषेवर हे दोन आशियाई धावपटू कागदावर अगदी बरोबरीचे होते. नऊ मिनिटांच्या आत त्यातील एक ६.४८ सेकंदांनी पुढे निघून गेला आणि दुसऱ्याच्या कारकिर्दीपुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. मिउराचा जन्म २००२ चा आहे आणि साबळेचा १३ सप्टेंबर १९९४ चा. सात वर्षांहून अधिक असलेले हे अंतर साबळेच्या पुनरागमनाचा विचार करताना बाजूला ठेवता येत नाही.

साबळेची वाटचाल मराठी वाचकांना बऱ्याच अंशी परिचित आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि घर ते शाळा हे सहा किलोमीटरचे अंतर त्याने लहानपणी पायी कापले. बारावीनंतर तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाला आणि सियाचीनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट व सिक्कीम अशा ठिकाणी त्याने सेवा बजावली. स्पर्धात्मक धावण्याकडे तो वळला तो २०१५ मध्ये, लष्करांतर्गत क्रॉसकंट्रीच्या निमित्ताने, म्हणजे वयाच्या विशीत. या क्षेत्रात ही सुरुवात उशिराचीच म्हटली पाहिजे. त्यामुळे त्याचे कागदोपत्री वय आणि त्याच्या पायांनी प्रत्यक्ष सोसलेल्या स्पर्धात्मक सरावाची वर्षे यांत तफावत आहे. किशोरवयापासून ट्रॅकवर असलेल्या पूर्व आफ्रिकी धावपटूच्या तिशीशी त्याच्या तिशीची तुलना सरसकट करणे योग्य ठरणार नाही.

स्टीपलचेसकडे तो २०१७ मध्ये आला. मराठी बातम्यांत या प्रकाराचे भाषांतर बहुधा ‘अडथळ्यांची शर्यत’ असे केले जाते. हेच शब्द ११० आणि ४०० मीटर हर्डल्ससाठीही वापरले जात असल्याने गोंधळ होतो, आणि हा गोंधळ केवळ शब्दांपुरता राहत नाही. हर्डल्समधील अडथळा धक्का लागताच आडवा पडतो. स्टीपलचेसमधील अडथळा म्हणजे जाड लाकडी तुळई. पुरुषांच्या शर्यतीत तिची उंची ९१.४ सेंटिमीटर असते आणि धावपटू आदळला तरी ती हलत नाही, धावपटूच पडतो. तीन हजार मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि त्याखेरीज पाण्याचे सात, म्हणजे एकूण ३५ उड्या असतात. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक धावपटू एक पाय तुळईवर रोवतात, तिथून रेटा घेतात आणि उतरत्या तळाच्या ३.६६ मीटर लांबीच्या खड्ड्यात दुसऱ्या एकाच पायावर उतरतात. तळ ओला, उतार पुढच्या दिशेने, आणि आजूबाजूला डझनभर स्पर्धकांची दाटी असते. पुढे कोणी अडखळले तर मागच्याला दिशा बदलण्यासाठी निमिषभराचाही अवधी मिळत नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे. मांडीच्या हाडाखालून नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि सांध्याला पीळ बसू नये, यासाठी एसीएल हा अस्थिबंध कार्य करतो. सरळ रेषेत एका लयीत धावताना त्याच्यावर फारसा भार येत नाही. उडीनंतर एका पायावर उतरणे, अचानक थांबणे किंवा वळणे या क्रियांमध्ये मात्र त्याची खरी कसोटी लागते. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती या खेळांमध्ये ही इजा वारंवार आढळते आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ती विरळ आहे, याचे कारण हेच. साबळे रस्त्यावरील शर्यतींचा धावपटू असता तर त्याच्या पुनरागमनाबद्दल एवढी चर्चा करण्याचे कारण उरले नसते. त्याचा प्रकार नेमका असा आहे की ज्यात गुडघ्याने ३५ वेळा साक्ष द्यावी लागते.

फाटलेला अस्थिबंध सहसा पुन्हा शिवला जात नाही. त्याच रुग्णाच्या मांडीमागील स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालील टेंडनचा भाग घेऊन नवा अस्थिबंध घडवला जातो. हा प्रत्यारोपित तुकडा हाडात रुजण्यास आणि पूर्ववत भक्कम होण्यास अनेक महिने लागतात. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धात्मक खेळाकडे परतणाऱ्यांमध्ये पुन्हा इजा होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असते, असे क्रीडावैद्यकातील अभ्यास सांगतात, आणि त्यामुळे सर्वसाधारणपणे नऊ ते बारा महिन्यांचा कालावधी धरला जातो. त्या काळात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद घटते आणि दोन पायांमधील समतोल बिघडतो. सामान्य माणसाला हा फरक जाणवतही नाही. परंतु एका किलोमीटरला पावणेतीन मिनिटांहून कमी वेळ घेणाऱ्या धावपटूच्या पावलांत तो उमटतो.

शरीराच्या बरोबरीने मनाचाही भाग येतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपल्याकडे म्हणतात. स्टीपलचेसमध्ये फुंकून पिण्याइतका वेळच नसतो. अडथळ्यासमोर पाऊल किंचित आखडले, उडी घेण्यापूर्वी एक लहानसे जादा पाऊल पडले, की पुन्हा वेग पकडण्यात वेळ जातो. यासंदर्भात एक साधा हिशेब पुरेसा बोलका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत साबळेने ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा क्रमांक मिळवला. कांस्यपदक विजेत्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटे ६.४७ सेकंद होती. दोघांमधील ७.७१ सेकंदांचे अंतर ३५ अडथळ्यांवर वाटले तर प्रत्येक अडथळ्यामागे सुमारे ०.२२ सेकंद येतात. म्हणजे प्रत्येक उडीला पाव सेकंदाहूनही कमी कचरल्यास पदक आणि अकरावे स्थान यांत आधी होते तेवढे अंतर पुन्हा नव्याने निर्माण होते. इजेपूर्वी हे अंतर धावण्याच्या वेगाने कमी करायचे होते. आता त्यापूर्वी गमावलेला आत्मविश्वास भरून काढणे, हे अधिकचे काम त्याच्यासमोर आले आहे.

एक बाब साबळेच्या बाजूने नोंदवली पाहिजे. इजेनंतर परतण्याचा अनुभव त्याला नवा नाही. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत तो सहभागी होऊ शकला नव्हता. त्याच वर्षी भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासून, म्हणजे तब्बल ३७ वर्षे अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हापासून २०२४ पर्यंत त्याने हा विक्रम एकूण दहा वेळा आपल्या नावावर केला आणि जवळजवळ २० सेकंदांची सुधारणा घडवून आणली. अर्थात घोटा आणि एसीएल यांची बरोबरी होऊ शकत नाही, आणि २०१८ मध्ये तो अवघा २४ वर्षांचा होता, हेही विसरून चालणार नाही.

त्याच्या कारकिर्दीचा दुसरा, आणि तुलनेने कमी चर्चिला गेलेला पैलू म्हणजे प्रशिक्षकांचे बदल. लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला क्रॉसकंट्रीमधून स्टीपलचेसकडे वळवले. अमरीश कुमार त्याला जवान म्हणून ओळखत होते. त्याचे वाढलेले वजन, ते उतरवण्यासाठी त्याने घेतलेले कष्ट, थकवा न सांगण्याची सवय हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यानंतर राष्ट्रीय शिबिरात त्याची गाठ बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव यांच्याशी पडली. स्नेसारेव २००५ पासून भारतीय धावपटूंसोबत काम करत होते. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत प्रीजा श्रीधरन, नाशिकची कविता राऊत आणि स्टीपलचेसची सुवर्णविजेती सुधा सिंग यांनी मिळवलेल्या यशामागे त्यांचे मार्गदर्शन होते. साताऱ्याच्या ललिता बाबरनेही त्यांच्याच हाताखाली सराव केला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. मात्र त्यांची पद्धत अत्यंत कठोर होती. साबळेला ती मानवली नाही आणि तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्नेसारेव यांनी पदाचा राजीनामा दिला.

या बदलाचा परिणाम तात्काळ दिसून आला, असे आकडे सांगतात. मार्च २०१९ मध्ये पतियाळा येथे फेडरेशन चषक स्पर्धेत साबळेने ८ मिनिटे २८.९४ सेकंद अशी वेळ दिली. त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेचा पात्रता निकष ८ मिनिटे २९ सेकंदांचा होता, म्हणजे सहा शतांश सेकंदांनी त्याने दार उघडले. दोहा येथे प्राथमिक फेरीत इतरांच्या पडण्यात अडकूनही त्याने राष्ट्रीय विक्रम केला. भारतीय पथकाने घेतलेला आक्षेप मान्य झाल्याने त्याला अंतिम फेरीत स्थान मिळाले आणि तिथे ८ मिनिटे २१.३७ सेकंदांच्या नव्या विक्रमासह तो तेरावा आला. याच वेळेने त्याला टोकियो ऑलिंपिकचे तिकीट मिळाले.

ऑलिंपिकच्या तयारीसाठी स्नेसारेव यांना मार्च २०२१ मध्ये पुन्हा भारतात पाचारण करण्यात आले आणि साबळे त्यांच्या मार्गदर्शनाखाली परत सराव करणार होता. ५ मार्च २०२१ रोजी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील निवासस्थानी स्नेसारेव यांचे निधन झाले. गुरू-शिष्यांचा हा अर्धवट राहिलेला दुसरा अध्याय काय घडवू शकला असता, हे सांगता येणार नाही. टोकियोमध्ये साबळेने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. परंतु आपल्या प्राथमिक फेरीत तो सातवा आला आणि बाहेर पडला. तिसऱ्या प्राथमिक फेरीतून त्याच्यापेक्षा कमी वेगाने धावलेले स्पर्धक अंतिम फेरीत गेले. वेळ उत्तम आणि स्थान अपुरे, हा अनुभव त्याच्या वाट्याला पुन्हा येणार होता.

तिसरे पर्व अमेरिकेतील प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांचे. अमेरिकन लष्करातील धावपटूंना त्यांनी घडवले होते आणि रिओ ऑलिंपिकमधील ५००० मीटरचा रौप्यविजेता पॉल चेलिमो हे त्यातील ठळक नाव. सिमन्स यांच्याबरोबर २०२२ मध्ये साबळे कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर सरावासाठी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ५००० मीटरमध्ये बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम १३ मिनिटे २५.६५ सेकंद अशा वेळेसह मोडीत काढला, आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांसह रौप्यपदक जिंकले. सुवर्णविजेत्या किबिवोटपेक्षा तो अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे होता. १९९८ ते २०१८ या काळातील सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. ती मक्तेदारी एका भारतीयाने मोडली. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक आणि ५००० मीटरमध्ये रौप्यपदक पटकावले. मात्र त्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच सातवा ठरून बाहेर पडला, कारण नव्या नियमानुसार प्रत्येक फेरीतील पहिले पाचच पुढे जाणार होते आणि वेळेचा आधार उरला नव्हता.

या तीन पर्वांकडे पाहता असे दिसते की प्रशिक्षक बदलल्याने साबळेचे नुकसान झाले, हे विधान आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही. त्याची प्रगती सातत्याने होत राहिली. तरीही प्रत्येक पर्वात एकच उणीव शिल्लक राहिली आणि ती शेवटच्या चारशे मीटरची. घरच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे एकटाच पुढे धावला. सोबतीला कोणी नसताना पहिल्या फेरीपासून वेग लावायचा आणि घड्याळाशी स्पर्धा करायची, हीच त्याच्या शर्यतीची रीत बनली. पॅरिसच्या अंतिम फेरीतही तो सुरुवातीला आघाडीवर दिसला आणि पुढे मागे पडत गेला. पदकाच्या शर्यतीत घड्याळ गौण असते, याचे उदाहरण तो उपस्थित राहू न शकलेल्या टोकियोतील २०२५ च्या अंतिम फेरीनेच दिले. न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने ती शर्यत ८ मिनिटे ३३.८८ सेकंदांत जिंकली आणि मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीला अखेरच्या क्षणी मागे टाकले. ही विजयी वेळ साबळेच्या २०१८ मधील पहिल्या राष्ट्रीय विक्रमापेक्षाही चार सेकंदांनी अधिक आहे. यावरून साबळे तिथे जिंकला असता, असा निष्कर्ष काढणारे उत्साही समर्थक आढळतील, पण तो निष्कर्ष भाबडा ठरेल. संथ सुरुवातीनंतर झालेल्या त्या शेवटच्या फेरीचा वेग हेच तर साबळेसमोरचे न सुटलेले कोडे आहे. मात्र अशी शर्यत ज्याला साधते त्याला आठ मिनिटांच्या आसपासची वेळ असण्याची गरज पडत नाही, हा बोध त्याच्या पुनर्वसनाचे नियोजन करणाऱ्यांना उपयोगी पडावा.

म्हणूनच इजेनंतरच्या काळात त्याच्यामागे कोण उभे राहणार, या प्रश्नाला तांत्रिक महत्त्व आहे. शस्त्रक्रिया करणारे वैद्य, फिजिओथेरपिस्ट, ताकद वाढवणारा प्रशिक्षक आणि धावण्याचा प्रशिक्षक या चौघांमध्ये अंतिम शब्द कुणाचा, हे निश्चित नसेल तर खेळाडूची ओढाताण होते. भारतीय ॲथलेटिक्समध्ये राष्ट्रीय महासंघ, लष्कर आणि परदेशी प्रशिक्षक यांच्या अधिकाराच्या सीमा अनेकदा धूसर राहिल्या आहेत. निरोगी खेळाडू ही धूसरता निभावून नेतो. परत उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, आज अडथळ्यांवरून उडी घ्यायची की नाही, एवढे साधे उत्तर एकाच व्यक्तीकडून मिळावे लागते. साबळेला तिन्ही प्रशिक्षकांकडून वेगवेगळ्या गोष्टी मिळाल्या. पहिल्या सहा महिन्यांत त्याला ओळखणारा माणूस जवळ असणे आणि त्यानंतर वेगवान साथीदारांचा गट लाभणे, असा क्रम त्याच्या स्वभावाला मानवेल, असे त्याच्या इतिहासावरून वाटते.

पूर्वीची उदाहरणे निराश करणारी नाहीत. लांब उडीपटू मुरली श्रीशंकरच्या गुडघ्याच्या टेंडनला एप्रिल २०२४ मध्ये गंभीर इजा झाली आणि त्याचे पॅरिस ऑलिंपिक हुकले. साबळे मोनॅकोत पडला त्याच आठवड्यात पुण्यात श्रीशंकरने ८.०५ मीटर उडी मारून विजयाने पुनरागमन केले. त्याला सुमारे पंधरा महिने लागले होते. कुस्तीपटू विनेश फोगाट रिओमध्ये गुडघा दुखावल्याने स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि दोन वर्षांनी जकार्तात आशियाई सुवर्णपदक घेऊन आली. वयाबद्दल बोलायचे तर केनियाच्या इझेकिएल केम्बोईने स्टीपलचेसचे आपले चौथे जागतिक सुवर्णपदक २०१५ मध्ये बीजिंगला जिंकले तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. जुलै २०२८ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिक भरेल तेव्हा साबळेचे वयही ३३ च असेल.

इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेचे उदाहरण आणखी वेगळ्या कारणाने लक्षात घेण्याजोगे आहे. पोटरीच्या दुखापतीमुळे २०१० पासून दीड वर्षाहून अधिक काळ तो ट्रॅकबाहेर होता. ऑगस्ट २०११ मध्ये देगू येथील जागतिक स्पर्धेत त्याने १०,००० मीटरची शर्यत अर्ध्यातून सोडली आणि त्याचा काळ संपल्याचे बोलले जाऊ लागले. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी ब्रसेल्समध्ये त्याने तेच अंतर २६ मिनिटे ४३.१६ सेकंदांत पूर्ण केले. मोठ्या विश्रांतीनंतरची पहिली शर्यत काहीच सिद्ध करत नाही. २०२६ हा साबळेचा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला हंगाम. जुलै २०२५ आणि आयची-नागोया येथील सप्टेंबर २०२६ ची आशियाई क्रीडा स्पर्धा यांच्यात चौदा महिन्यांचेच अंतर पडते. त्या हंगामातील वेळा आणि क्रमांक यांवरून त्याच्या भवितव्याचा निवाडा करणे घाईचे होईल. त्याचे खरे मोजमाप २०२७ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत आणि त्यानंतरच्या वर्षी होईल.

पात्रतेचा डोंगरही या दरम्यान उंच झाला आहे. टोकियो ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेचा निकष ८ मिनिटे २२ सेकंदांचा होता, तर पॅरिससाठी ८ मिनिटे १५ सेकंदांचा. इजेपूर्वीच्या २०२५ च्या हंगामात साबळेने मे महिन्यात गुमी येथे ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत आशियाई अजिंक्यपद पटकावले. १९८९ मध्ये दीना राम यांनी मिळवलेल्या यशानंतर ३६ वर्षांनी या शर्यतीतील हे सुवर्णपदक भारताकडे आले. परंतु एप्रिलमध्ये शियामेन येथील डायमंड लीगमध्ये त्याची वेळ ८ मिनिटे २२.५९ सेकंद होती. म्हणजे मोनॅकोपूर्वीच तो पॅरिसमधील आपल्या शिखरापासून दहा-बारा सेकंद दूर होता, ही गोष्ट त्याच्या दुखापतीबद्दलच्या सहानुभूतीत काहीशी झाकली गेली. पुनरागमन म्हणजे इजेपूर्वीच्या पातळीवर पोहोचणे, असे मानले तर ते पुरेसे ठरणार नाही. त्याला त्याआधीच्या वर्षात परत जायचे आहे.

अडथळेच सोडून द्यावेत, असा एक पर्यायही उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन त्याने एक तास ३० सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम प्रस्थापित केला होता आणि त्यासाठी त्याने स्टीपलचेसची तयारी थांबवलीही नव्हती. सपाट रस्ता गुडघ्याला सोसतो, आणि बेकेलेने वयाच्या ३७ व्या वर्षी २०१९ मध्ये बर्लिन मॅरेथॉन २ तास १ मिनिट ४१ सेकंदांत जिंकून दाखवली आहे. ट्रॅकवरच्या ५ आणि १० हजार मीटरमध्ये मात्र भारतातच गुलवीर सिंग त्याच्या पुढे निघून गेला आहे. गुमी येथे या दोन्ही शर्यतींची सुवर्णपदके गुलवीरकडे होती. त्यामुळे साबळेला दुसरा मार्ग निवडायचा झाल्यास तो स्टेडियमबाहेरचा असेल. तो निर्णय लॉस एंजेलिसपूर्वी घेण्याची निकड नाही. त्याआधी एखाद्या सरावसत्रात, आजूबाजूला प्रेक्षक किंवा स्पर्धक नसताना, पाण्याच्या खड्ड्यापलीकडे त्या पायावर पहिल्यांदा पूर्ण वेगाने उतरावे लागेल.